एका मायक्रोफोनभोवती आठ माणसे : संभाजीनगरच्या ध्वनिमुद्रण स्टुडिओचा अनुभव

पैठण तालुक्यातील आमच्या भारुडी भजनी मंडळाने या उन्हाळ्यात आपला पहिला अल्बम छत्रपती संभाजीनगर येथे जालना रस्त्यालगतच्या एका लहान स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला. नाथांची तीन भारुडे, गंगाखेडच्या जनाबाईंचे दोन अभंग, जात्यावरच्या ओव्या आणि आमच्या स्वतःच्या दोन नव्या रचना अशी एकूण आठ गाणी त्यात आहेत.

यापूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी आम्ही प्रयत्न केला होता. तिथे प्रत्येकाला वेगळे बसवून, कानात ठोक्यांचा आवाज देऊन, आधी पखवाज, मग पेटी आणि शेवटी गायन असे तुकडे घेतले गेले. सूर-ताल बिनचूक होते, पण भारूड मात्र निर्जीव झाले. भारुडात म्हणणारा मध्येच थांबतो, समोरच्याला प्रश्न विचारतो आणि पखवाजी त्याच्या तोंडाकडे पाहून ठेका उचलतो. ते पाहणेच काढून घेतले तर काय उरणार?

या स्टुडिओतील ध्वनिमुद्रकांनी मात्र आम्हाला आधी देवळात गातो तसे एक भारूड पूर्ण म्हणायला लावले, स्वतः शांतपणे ऐकले आणि मग खोलीच्या मधोमध एकच मोठा मायक्रोफोन उभा केला. त्यांना अमेरिकेतील ब्लूग्रास संगीताची मनापासून आवड आहे. केंटकीच्या बिल मन्रो यांच्या वाद्यवृंदाचे 1940 च्या दशकातील ध्वनिमुद्रण त्यांनी आम्हाला ऐकवले. मँडोलिन, बँजो, फिडल, गिटार आणि उभा बास एवढीच वाद्ये, ढोल-ताशासारखे काहीही नाही, तरी ठेका कुठे सुटत नाही. रेडिओच्या त्या काळात असे कलावंत एकाच मायक्रोफोनभोवती उभे राहत. ज्याची पाळी तो पुढे येई आणि आपला भाग संपला की मागे सरे. ब्लूग्रासच्या अल्बममध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आणि नव्याने रचलेली गाणी शेजारी शेजारी असतात, हेही त्यांच्याकडूनच समजले. पुढे येणे आणि मागे सरणे आमच्या टाळकऱ्यांना नव्याने शिकावे लागले नाही, भारुडात आम्ही तेच करत आलो आहोत.

खरी कसोटी टाळांची होती, कारण त्यांचा आवाज सगळ्यांवर चढतो. ध्वनिमुद्रकांनी टाळकऱ्यांना एकेक पाऊल मागे नेत, दर वेळी ऐकून, शेवटी सुमारे आठ फुटांवर उभे केले आणि प्रत्येकाच्या पायाशी जमिनीवर चिकटपट्टी लावून जागा ठरवून दिली. दुपारी पखवाज बिघडला. वातानुकूलनाच्या कोरड्या हवेत डाव्या पुडीवरची कणीक लवकर सुकली आणि आवाज वर चढू लागला. त्यांनी यंत्र बंद केले, आमच्या पखवाजींना कणीक पुन्हा भिजवायला पुरेसा वेळ दिला आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे लावले नाहीत.

ओव्यांसाठी आमच्या मंडळातील सत्तरी ओलांडलेल्या आजी आल्या होत्या. हात खुंट्यावर नसला तर त्यांना ओवी सुचत नाही, म्हणून आम्ही घरचे जाते गाडीत घालून नेले होते. ते जाड सतरंजीवर ठेवून दाण्यांसकट फिरवत घेतलेले ध्वनिमुद्रण हे या अल्बमचे सर्वांत मोलाचे काम आहे, असे मला वाटते. दळणाची घरघर, दाणे टाकताना येणारा क्षणभराचा खंड आणि त्या खंडात आजींनी घेतलेला श्वास, सगळे स्वच्छ ऐकू येते.

मात्र याच गाण्याबाबत माझी गंभीर तक्रारही आहे. पहिल्या मिश्रणात, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, तिथल्या सहायकाने आम्हाला न विचारता आजींचे स्वर संगणकावर सरळ करून टाकले होते. त्यांच्या गळ्यातील जी सूक्ष्म ओढ पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, ती चूक समजून पुसली गेली. आम्ही सांगताच मूळ ध्वनिमुद्रण परत घेतले गेले, तरी असे आधी विचारूनच व्हायला हवे. अभंगांवर घातलेली कृत्रिम घुमही आम्हाला दोनदा कमी करून घ्यावी लागली.

नव्या रचनांपैकी एक नाथसागराखाली गेलेल्या गावावर आहे. जायकवाडी धरणात अनेक गावे बुडाली आणि आमच्या पेटीवादकांचे वडिलोपार्जित घर त्यांपैकीच एका गावात होते. हे गाणे त्यांनीच रचले आहे. चार वेळा घेतल्यावर ध्वनिमुद्रकांनी पहिलेच निवडले, कारण शेवटच्या कडव्यात त्यांचा आवाज दाटून आला आहे, आणि ही निवड योग्य होती. नव्या गाण्यांवर कवीचे आणि चाल देणाऱ्याचे नाव, तर ओव्यांवर ‘पारंपरिक’ अशी नोंद लेखी घेण्याचा आग्रहही त्यांचाच होता.

दर ताशी 800 रुपये असून आम्हाला दोन दिवसांत चौदा तास लागले. मिश्रणाचे पैसे वेगळे आहेत, हे आरंभीच विचारून घ्यावे. खोलीत आठाहून अधिक माणसे नीट मावत नाहीत, त्यामुळे मोठ्या दिंडीसाठी ही जागा उपयोगाची नाही. एकत्र बसून गाणाऱ्या लहान मंडळांनी सकाळची वेळ घ्यावी, कणीक घरूनच न्यावी आणि मिश्रणाच्या दिवशी मूळ गाणाऱ्याला सोबत बसवावे.