उमरा स्पॉन्सर करताय? बेळगावच्या टूरवाल्याचा आमचा अनुभव वाचून मग पैसे भरा

निपाणीतल्या आमच्या गल्लीनं भिशी काढून एका खालांना (मावशींना) उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेला पाठवलं. बुकिंग बेळगावात एका टूरवाल्याकडं केलं होतं, नाव लिहीत नाही कारण तक्रारी पण आहेत आणि माणूस तसा वाईट नाही. पाचपैकी साडेतीन स्टार. तो अर्धा ठेवायचा का कापायचा यावरनं आमच्या ग्रुपवर अजून वाद चाललाय.

हजला का नाही पाठवलं असं बरेच जण विचारतात. सरकारी हज कमिटीतनं गेलं तरी खर्च तीन लाखाच्या वर जातोय, सबसिडी २०१८ लाच बंद झाली, वर ड्रॉमध्ये नंबर लागला पाहिजे. आणि ऐपत नसणाऱ्यावर हज फर्जच (बंधनकारक) नाही, त्यामुळं खालांच्या डोक्यावर कसलं ओझं नव्हतं, जन्मभर विड्या वळल्या आणि एकदा मक्केतला काबा डोळ्यानं बघायचा होता, बस. उमरा लाखाच्या आतबाहेर होतो म्हणून तो ठरला.

या टूरवाल्याकडं स्पॉन्सरची वेगळी स्कीम आहे, पैसे तुम्ही द्या, गरजू माणूस आम्ही शोधतो. आम्ही आमचाच माणूस घेऊन गेलो आणि तुम्ही पण तेच करा, आपल्या गल्लीत कुणाची काय हालत आहे हे आपल्याला माहीत असतं की. काउंटरवरचा पोरगा सारखा म्हणत होता, जकातीचे (ऐपतवाल्यानं दरवर्षी काढायच्या सक्तीच्या दानाचे) पैसे पण चालतात, बिनधास्त द्या. ते तसं नाही ओ. हनफी या इस्लामी कायद्याच्या परंपरेत जकात गरिबाच्या हातात, त्याच्या मालकीची करून द्यावी लागते, थेट एजंटच्या खात्यात टाकून भागत नाही. आधी आपल्या मौलानांना विचारा.

आता पॅकेजच्या कागदावर काय धरलं नव्हतं ते. पासपोर्टचा खर्च नव्हता. १५०० रुपये फी, ते काही नाही, पण आधारवर एक नाव आणि रेशन कार्डावर दुसरं, त्या दुरुस्तीतच जीव गेला. निपाणी ते मुंबई एअरपोर्टचं भाडं नव्हतं. तिथं व्हीलचेअर लागली तर तिचे रियाल वेगळे, हे तर निघायच्या आदल्या आठवड्यात कळलं. उमऱ्यातल्या सफा-मरवा या दोन टेकड्यांमधल्या सात फेऱ्या म्हणजे तीन किलोमीटरच्या वर चालणं, विड्या वळून गुडघे गेलेल्या बाईला ते जमणार आहे का? स्पॉन्सर करणारा पॅकेजचे पैसे भरून मोकळा होतो आणि ज्याच्याकडं काहीच नाही त्याच्यावर हे बारके खर्च पडतात, मग तो लाजेनं कुणाला सांगत पण नाही. आम्ही परत वर्गणी काढली आणि खालांच्या हातात रियाल देऊनच पाठवलं.

चांगलं काय ते पण सांगतो. निघायच्या आधी बेळगावात एका हॉलमध्ये ट्रेनिंग ठेवलं होतं, ते एक नंबर. टीव्हीच्या खोक्यावर काळा कपडा टाकून काबा म्हणून मधोमध ठेवला आणि सगळ्यांना त्याच्याभोवती तवाफ, म्हणजे सात फेऱ्या, करायला लावला, डावा खांदा खोक्याकडं, सुरुवात हजरे अस्वदच्या (काब्यातल्या काळ्या दगडाच्या) कोपऱ्यापासनं. शिकवणारे हजरत उर्दूत सुरू करायचे, मधेच मराठी, चिक्कोडीकडच्या बायकांसाठी कन्नड. फेरी चुकू नये म्हणून प्रत्येकाला सात मण्यांची तसबीह दिली. खालांनी परत केली. म्हणाल्या, हजार विड्यांचा हिशेब तोंडी ठेवत आले, सात फेऱ्यांना मणी कशाला बाबा.

ग्रुप लीडर पण कामाचा. मदिन्यात पैगंबरांच्या मशिदीतल्या रियाजुल जन्नत या जागेत जायला आता सौदी सरकारच्या नुसूक ॲपवरनं परमिट काढावं लागतं, बटणाचा फोन असणाऱ्यानं काय करायचं? त्यानं सगळ्या म्हाताऱ्यांचे परमिट स्वतः बसून काढले आणि बायकांना वेळेवर गेटपर्यंत सोडलं. जेवण भात-डाळ-चिकन, ठीकठाक. हॉटेल मात्र कागदावर मशिदीपासनं ५०० मीटर आणि प्रत्यक्षात चढ चढून बरंच लांब, एका दिवसात दोनदा येणं-जाणं खालांना झेपलं नाही, इशाच्या (रात्रीच्या) नमाजापर्यंत हरममध्येच, म्हणजे मशिदीतच बसून राहायच्या.

आता दीड स्टार कशाला कापला ते. मुंबईला निघताना ऑफिससमोर या लोकांनी स्पॉन्सरच्या पैशावर जाणाऱ्यांना वेगळं उभं केलं, मागं ‘गरिबांसाठी मोफत उमरा’ असा बॅनर, आणि फोटो काढून स्टेटसला टाकले. पैसे भरून जाणाऱ्यांचे फोटो नाहीत बरं का, फक्त यांचेच. खालांनी ओढणी पुढं घेतली ती गाडीत बसेपर्यंत तशीच. मी टूरवाल्याला फोन करून बोललो तर म्हणतो, भाई, बघून आणखी चार लोक पुढं येतात. येत असतील. पण एहराम, म्हणजे यात्रेचा साधा पोशाख, बांधला की राजा कोण आणि हमाल कोण ओळखू येत नाही, आणि तुम्ही निघायच्या आधीच पाटी लावताय? फोटो स्टेटसवरनं काढून टाकले शेवटी, पण तोवर निम्म्या निपाणीनं बघितले होते.

तरी पुढची भिशी भरली की याच माणसाकडं जाणार, कारण म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारा लीडर दुसरीकडं मिळेलच याची खात्री नाही. फक्त यावेळी हॉटेलचं नाव, व्हीलचेअर, मुंबईचं भाडं सगळं पावतीवर लिहून घेणार, आणि स्पॉन्सर हा शब्दच काढायचा नाही, साधं बुकिंग म्हणून पैसे भरायचे.