परराज्यातलं जुनं वॉरंट: इथून ट्रान्झिट जामीन, का थेट तिकडच्या कोर्टात?

इचलकरंजीकडच्या सूत-कापडवाल्यांना हा प्रश्न हमखास पडतो, कारण 2015 च्या दुरुस्तीपासून खात्यात भरलेला चेक परत गेला की केस पैसे घेणाऱ्याचं खातं जिथं असेल तिथं चालते. म्हणजे माल सुरतेचा, चेक आपला आणि केस गुजरातेत. समन्स जुन्या गाळ्याच्या पत्त्यावर जातं, आपल्याला खबरच नसते, आणि काही वर्षांनी पोलीस ठाण्यातून फोन येतो की तुमच्या नावाचं अजामीनपात्र वॉरंट आलंय.

माझ्या नावाचं असं वॉरंट आलं तेव्हा इथून ट्रान्झिट जामीन, म्हणजे तिकडच्या कोर्टात पोचेपर्यंत अटक होऊ नये म्हणून थोड्या मुदतीचा अटकपूर्व जामीन, घेण्याचा मोह मला पण झाला होता. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रिया इंदोरिया केसमध्ये परराज्यातल्या एफआयआरसाठी आपल्याकडचं सेशन्स किंवा हायकोर्ट थोड्या मुदतीचं संरक्षण देऊ शकतं असं सांगितलंय, आणि ऑगस्ट 2025 पासून तर कोल्हापुरातच हायकोर्टाचं सर्किट बेंच आहे, मुंबईला पळायला नको. पण तो निकाल एफआयआरचा आहे, आणि अटकपूर्व जामीन अजामीनपात्र गुन्ह्यासाठी असतो, चेक परत गेल्याचं कलम 138 तर मुळात जामीनपात्र. तिथंच वकिलाला बरंच भांडावं लागतं.

पण माझं मन फिरलं ते वेगळ्याच गोष्टीने. वॉरंट जुनं झालं म्हणून संपत नाही, ज्या कोर्टाने काढलं त्याने रद्द करेपर्यंत किंवा बजावलं जाईपर्यंत ते जिवंतच राहतं. माझ्या एका भागीदाराने दुसऱ्या प्रकरणात इथून ऑर्डर आणली होती. हवालदार दुकानात आला, गिऱ्हाइकांसमोर ऑर्डर उलटसुलट करून वाचली आणि म्हणाला, मुदत संपली की परत येतो. आला पण! शेवटी त्याला तिकडं जावंच लागलं, दोन वकिलांची फी भरून. ती टांगती तलवार मला नको होती.

म्हणून मी थेट गेलो. आधी ई-कोर्ट्स ॲपवर सीएनआर (केसचा ओळख क्रमांक) टाकून पुढची तारीख आणि स्टेज बघितली आणि त्याच कोर्टात रोज उभा राहणारा वकील धरला, इथून वकील घेऊन गेलो असतो आणि न्यायाधीश साहेब रजेवर असते तर सगळाच खर्च पाण्यात. वॉरंट रद्दच्या अर्जाला जुना भाडेकरार आणि जीएसटीतला बदललेला पत्ता जोडला. साहेबांनी विचारलं, इतकी वर्षं कुठे होता? कागद बघितले, दंड लावला आणि वॉरंट रद्द केलं. दुपारपर्यंत बसवून ठेवलं तेव्हा पोटात गोळा आला होता हे खरं. स्थानिक जामीनदाराचा विषय निघाला, तेव्हा वकिलाने जामीनदार स्थानिकच हवा असा हट्ट धरू नये असं सांगणारा सुप्रीम कोर्टाचा 1978 चा मोतीराम निकाल दाखवला आणि रोख रक्कम भरून भागलं. प्रत्येक कोर्टात असंच होईल असं मी म्हणणार नाही.

फसवणुकीचा एफआयआर असेल किंवा तब्येत प्रवासाला साथ देत नसेल तर मात्र आधी इथून संरक्षण घेतलेलंच बरं. चेकच्या केसमध्ये मला तरी थेट जाणंच योग्य वाटतं, आणि फरारी घोषित करायची नोटीस निघाली असेल तर एक दिवसही थांबू नका, कारण पुढची पायरी मालमत्ता जप्तीची असते. रद्दच्या ऑर्डरची सही-शिक्क्याची नक्कल त्याच दिवशी मागा आणि स्वतः आपल्या पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या, कोर्टाचा कागद तिकडून यायची वाट बघू नका. पुढच्या तारखांना गैरहजेरी माफीचा अर्जही वकिलाकडून लगेच टाकून घ्या.