क्वेंच की स्लेक?

क्वेंच (quench) आणि स्लेक (slake) या दोन्ही इंग्रजी शब्दांचा अर्थ तहान भागवणं. पण क्वेंच मुळात आगीचा शब्द, म्हणजे विझवणं. लोहार लालबुंद कोयता पाण्यात बुडवतो, चर्र आवाज होतो, वाफ उसळते. आपण त्याला ‘पाणी देणं’ म्हणतो, इंग्रजीत ते क्वेंचिंग. म्हणून भर उन्हातून आल्यावर माठातलं पाणी घशाखाली उतरतं, तिथे मला हाच शब्द हवा.

स्लेक हा ‘स्लॅक’ म्हणजे सैल या शब्दाच्या घराण्यातला. तहानेचा ताण सैल पडतो. कळीचा चुना पाणी घालून विरवतात, तेही स्लेकिंगच. आज तो जरा पुस्तकी वाटतो. सॅटिस्फाय चालेल, पण कोरडा.

भाषांतरात मी क्वेंचसाठी ‘शमवणं’ घेते. आपल्याकडे आगही शमते, तहानही.