गाठी विरघळल्या म्हणून आम्ही भंडारा उधळला

आमच्या खंडू या कुत्र्याला लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग झाला होता. त्याच्या उपचाराच्या नावाखाली एका माणसाने आमच्याकडून बेचाळीस हजार रुपये घेतले. पैशांचे दुःख आता मागे पडले आहे. परंतु त्याने दिलेल्या पुड्यांमुळे खंडूच्या खऱ्या उपचाराची वेळ निघून गेली, आणि ती कशी गेली हे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण तो माणूस बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यात अजून फिरतो आहे.

सात वर्षांपूर्वी चंपाषष्ठीच्या दिवशी एक पिल्लू आमच्या दारात येऊन बसले. खंडोबाच्या दिवशी आलेला कुत्रा परत कुठे पाठवायचा, असे सासूबाई म्हणाल्या आणि नावही त्यांनीच ठेवले. गेल्या आषाढात, खानापूरचा पाऊस ऐन भरात असताना, भिजून आलेल्या खंडूची मान पुसताना यजमानांच्या हाताला जबड्याखाली लिंबाएवढ्या दोन गाठी लागल्या. त्या दुखत नव्हत्या, जेवणही व्यवस्थित होते. नीट चाचपले तेव्हा खांद्यांपुढे आणि मागच्या पायांच्या गुडघ्यांमागेही तशाच गाठी सापडल्या. गावातल्या पशुवैद्यांना आधी गोचिडांच्या तापाची शंका आली, कारण त्यातही ग्रंथी सुजतात. पण रक्ताच्या तपासणीत तसे काही निघाले नाही, म्हणून त्यांनी आम्हाला बेळगावला पाठवले. तिथे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून काचेवर तपासल्या गेल्या आणि चार दिवसांनी निदान हाती आले.

तिथल्या डॉक्टर मॅडम कन्नडभाषक होत्या. त्यांनी तोडक्या मराठीत, पण काहीही न लपवता, सगळे समजावून सांगितले. उपचार न केल्यास बहुधा महिना-दीड महिना मिळतो. आलटून पालटून तीन-चार औषधांची केमोथेरपी चार ते सहा महिने दिली, तर बहुतेक कुत्र्यांच्या गाठी ओसरतात आणि पुष्कळांना वर्षभराच्या आसपास चांगले आयुष्य लाभते. रोग मुळापासून जाण्याची आशा मात्र फार थोडी असते. कुत्र्यांना ही औषधे माणसांपेक्षा सौम्य प्रमाणात देतात, त्यामुळे माणसांइतका त्रास सहसा होत नाही. मात्र प्रत्येक मात्रेआधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात आणि पुढचे काही दिवस त्याची लघवी हातमोजे घालूनच साफ करावी लागते. खर्चाचा अंदाज त्यांनी ऐंशी हजारांचा दिला. शेवटी केसपेपरवर एक ओळ लिहून तिच्याखाली दोनदा रेघ ओढली आणि तोंडानेही बजावले, की केमो सुरू होईपर्यंत कोणीही सांगितले तरी स्टेरॉइड द्यायचे नाही. पैशांची जुळवाजुळव करण्यासाठी आम्ही आठ दिवस मागून घेतले.

त्याच दिवशी औषधांच्या दुकानात किमती विचारत असताना शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थाने आमचे बोलणे ऐकले. "अक्का, कुत्र्याला केमो देऊ नका, ते विष आहे," असे म्हणून त्याने आस्थेने चौकशी केली. त्याची मराठी अगदी आमच्या भागातली होती. दिवसभर कन्नड आणि इंग्रजी कागद हाताळून थकलेल्या आम्हाला आपल्या बोलीत कोणीतरी धीर देतो आहे, एवढेच तेव्हा पुरेसे वाटले, आणि आमची पहिली चूक तिथेच झाली. त्याने दिलेल्या कार्डावर नावाआधी 'डॉ.' होते. पदवी, दवाखान्याचा पत्ता, नोंदणी क्रमांक यांपैकी काहीच नव्हते, हे आम्हाला कितीतरी आठवड्यांनी दिसले. दुसऱ्या दिवशी तो घरी आला, मोबाइलवर बऱ्या झालेल्या कुत्र्यांची चित्रे दाखवली आणि कागदात बांधलेल्या फिकट पिवळ्या पुड्या देऊन पंधरा दिवसांचे अकरा हजार रुपये घेतले. हा जंगलातल्या मुळ्यांचा अर्क असून बेळगावच्या डॉक्टरांना कळवल्यास ते चालू उपचार बिघडवतील, असेही त्याने सांगितले. आमच्याकडे कणकुंबीपर्यंत रान पसरलेले आहे आणि झाडपाल्याची औषधे जाणणारी प्रामाणिक माणसेही आहेत. त्यांच्यावरच्या आमच्या विश्वासाचा त्याने उपयोग करून घेतला.

पाचव्या दिवशी जबड्याखालच्या गाठी सुपारीएवढ्या झाल्या. दहाव्या दिवशी त्या हाताला लागेनाशा झाल्या. खंडू पूर्वीपेक्षा जास्त जेवू लागला, आणि देवघरातल्या टाकांपुढे आम्ही भंडारा उधळला. ज्या नातेवाइकांकडून केमोसाठी उसने पैसे मागितले होते, त्यांना आता गरज नाही असे कळवून टाकले. खंडू वाडगेच्या वाडगे पाणी पिऊ लागला होता, ज्याने लहानपणापासून कधी घर खराब केले नव्हते तो रात्री घरात लघवी करू लागला होता, पोट सुटले होते, पंखा चालू असतानाही धापा टाकत होता. हे सारे दिसत असूनही गाठी गेल्याच्या आनंदात आम्ही त्याचा अर्थ विचारला नाही. त्या माणसाला फोनवर सांगितले, तेव्हा रोग लघवीवाटे बाहेर पडतो आहे, असे उत्तर मिळाले.

पुढच्या महिन्याच्या पुड्यांचे अठरा हजार झाले. त्यानंतर मुंबईहून बर्फाच्या पेटीत येणाऱ्या एका इंजेक्शनसाठी तेरा हजार आगाऊ मागितले. प्रत्येक वेळी पैसे मोबाइलवरून निराळ्याच नावाच्या खात्यात गेले आणि पावती एकदाही मिळाली नाही. इंजेक्शन आले नाही. सातव्या आठवड्यात गाठी परतल्या, त्याही पहिल्यापेक्षा मोठ्या, आणि त्याच आठवड्यात त्याचा फोन बंद झाला.

मॅडमपुढे पुन्हा उभे राहताना मान वर होत नव्हती. त्या रागावल्या नाहीत. पाणी, भूक, लघवी, पोट आणि धाप ही लक्षणे ऐकून त्यांनी सांगितले, की पुड्यांत प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड कुटून घातलेले असावे. लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडने सुरुवातीला झपाट्याने मरतात, म्हणून गाठी काही दिवसांतच विरघळतात. परंतु ज्या पेशी तगतात त्या औषध आपल्यातून बाहेर ढकलायला शिकतात, आणि तीच युक्ती पुढे केमोच्या औषधांपुढेही वापरतात. रेघ दोनदा का ओढली होती, ते आम्हाला तेव्हा उमगले. पुड्या एकदम बंद करू नका, असेही त्यांनी निक्षून सांगितले, कारण बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की शरीर स्वतःचे तयार करणे थांबवते आणि अचानक तोडल्यास जनावर कोसळू शकते. त्यांनी मोजून मापून गोळ्या दिल्या.

केमो तरीही सुरू केली. पहिल्या दोन मात्रांनी गाठी थोड्या उतरल्या, तिसरीचा परिणाम दिसला नाही, चौथीच्या आधी त्याने खाणे सोडले. शेवटचे दोन दिवस तो सासूबाईंच्या खाटेखालून हलला नाही. चंपाषष्ठीला अकरा दिवस राहिले असताना तो गेला.

तक्रार करायला आम्ही उशीर केला, हेही कबूल केले पाहिजे. पैसे मोबाइलवरून गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या क्रमांकावर जितक्या लवकर कळवावे तितकी ते खात्यातच अडवले जाण्याची शक्यता जास्त असते; आम्ही कळवले तेव्हा शेवटच्या भरण्याला एकोणीस दिवस होऊन गेले होते. ठाण्यातली तक्रार शेजारच्या मुलाने कन्नडमध्ये लिहून दिली. परिचयातल्या एका वकिलांकडून समजले, की १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार नोंदणी असलेल्यांनाच पशुवैद्यकीचा व्यवसाय करता येतो. म्हणजे कार्डावरचा नोंदणी क्रमांक विचारण्याचा आम्हाला पहिल्याच दिवशी पुरता हक्क होता. कर्करोग बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या एका कायद्याने निषिद्ध आहे आणि त्या कायद्यातल्या औषधाच्या व्याख्येत जनावरांची औषधेही येतात, हेही त्यांनीच दाखवले. पुडीवर घटक, बॅच क्रमांक आणि उत्पादकाचे नाव छापलेले नाही, एवढे पाहिले असते तरी खंडूच्या तोंडात ती गेली नसती.

गेल्या आठवड्यात नंदगडहून एका बाईंचा फोन आला. त्यांच्या कुत्रीच्या सडांजवळ गाठ आहे आणि फिकट पिवळ्या पुड्या सुरू होऊन तीन दिवस झाले आहेत. देणारा माणूस त्यांनाही अक्काच म्हणतो. मी त्यांना आमच्या उरलेल्या पुड्यांची छायाचित्रे पाठवली, सडांच्या गाठींपैकी सुमारे निम्म्या साध्या, म्हणजे कर्करोगाच्या नसलेल्या, निघतात आणि वेळेवर कापून काढल्यास कुत्री वाचू शकते हे सांगितले, आणि पुड्यांचा कागद न टाकता डॉक्टरांना दाखवायला सोबत घ्या म्हटले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने त्या बेळगावला जायला निघाल्या, तेव्हा मॅडमचा पत्ता मी कन्नड आणि मराठी दोन्हींत लिहून पाठवला.