एलएसडीचे पैसे घेतले, डिफ बदललाच नाही. मुंबईतल्या एफडब्ल्यूडीवाल्यांनो सावध राहा

पुढच्या चाकांवर चालणारी (एफडब्ल्यूडी) गाडी ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीसाठी तयार करताय आणि कोणी "एलएसडी टाकून देतो, लाँचला गाडी चिकटून निघेल" असं सांगत असेल तर आधी हे पूर्ण वाचा. डिफ म्हणजे डिफरन्शियल, इंजिनचा जोर दोन चाकांत वाटणारा गिअरसंच; एलएसडी म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारा डिफ; आणि लाँच म्हणजे जागेवरून सुटणं. माझे यात सव्वा लाख गेलेत आणि त्याच माणसाने माझ्यानंतर ठाण्याच्या एका पोराला पण तशीच टोपी घातलीय. गॅरेजचं नाव इथे टाकत नाही कारण तक्रार चालू आहे, पण पद्धत सगळी सांगतो.

गाडी माझी जुनी होंडा सिटी १.५ व्हीटेक, कंपनीतून १०६ बीएचपीची, आता थोडी वाढवलीय. पळवतो फक्त बंद स्ट्रिपवर, लोणावळ्याच्या पुढे अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर इव्हेंट असला की. रात्री बीकेसीच्या रस्त्यावर लाँच मारणाऱ्यांनी प्लीज बंद करा हे, कोणाचा तरी जीव जाईल राव. असो. एफडब्ल्यूडीचं दुखणं तुम्हाला माहीतच आहे, क्लच सोडला की वजन मागे जातं, नाक वर येतं आणि ज्या चाकांनी गाडी ओढायची नेमकी तीच हलकी होतात. त्यात ओपन, म्हणजे साधा डिफ असला की दोन्ही चाकांना टॉर्क (फिरवणारा जोर) सारखाच, म्हणजे कमी ग्रिपवालं चाक जेवढा पेलेल तेवढाच दुसऱ्याला, एक चाक धूर काढत बसतं आणि दुसऱ्याची ग्रिप फुकट जाते. म्हणून एलएसडी लागतो, ते खरंच आहे, त्याबद्दल वाद नाही.

तर हा गॅरेजवाला शेठ बोलायला एकदम गोड आणि विषयाचा जाणकार. फेकूचंद असता तर मी दुसऱ्या मिनिटाला उठलो असतो, पण हा वेट ट्रान्सफर, टॉर्क स्टिअर (जोर दिला की स्टिअरिंग एका बाजूला ओढणं), इंजिन माउंट ढिले असले की व्हील हॉप (चाकाच्या उड्या) कसा होतो, सगळं बरोबर सांगत होता. आतून खोका काढून आणला, इंग्लंडहून आलेला हेलिकल डिफ (क्लच प्लेटऐवजी तिरप्या दातांच्या गिअरवर चालणारा एलएसडी), पिशवीत तेल लावलेला, हातात घेतला तर चांगला जड, नवा कोरा. खोक्याचा एक कोपरा फाटलेला आणि सीरियल नंबरच्या स्टिकरवर ग्रीसचा अर्धा अंगठा उमटलेला. मी फोटो काढला, तो म्हणाला काढा ना दादा, बिनधास्त. फक्त गिअरबॉक्स खोलायचं काम "आपल्या दुसऱ्या वर्कशॉपला" होणार आणि तिकडे कस्टमरला उभं राहू देत नाहीत म्हणे. जुना डिफ परत मागितला तर म्हणे भंगारात गेला.

गाडी आल्यावर मी पुढून जॅक लावला, इंजिन बंद, न्यूट्रलला टाकून एक चाक हाताने फिरवलं, दुसरं उलटं फिरलं. हे ओपन डिफचं लक्षण म्हणून लगेच फोन केला तर शांतपणे म्हणाला, "दादा हा हेलिकल आहे, प्लेटवाला नाही. हवेत उलटाच फिरणार." आणि इथेच खरा डाव आहे भावांनो, कारण हे वाक्य शंभर टक्के खरं आहे. प्लेटवाल्या एलएसडीत क्लच प्लेट आधीच दाबून बसवलेल्या असतात, त्यामुळे हाताने फिरवलं की दोन्ही चाकं एकाच दिशेला फिरतात. डिफ वेल्ड करून एलएसडी म्हणून खपवला असेल तरी एकाच दिशेला फिरतात, फक्त तो अजिबात सुटत नाही आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये वळवताना टायर किंचाळतात. पण क्वाइफ किंवा टॉर्सन या ब्रँडच्या टाइपच्या हेलिकलमध्ये लोड आल्याशिवाय गिअर एकमेकांवर दाबत नाहीत, चाकं हवेत असली की तो ओपनसारखाच वागतो. म्हणजे ओपन डिफ तसाच ठेवून हेलिकलचे पैसे घेतले तर जॅक लावून कोणाच्या बापाला कळणार नाही. या शेठने हेलिकलच का निवडला ते आता समजलं असेल.

स्ट्रिपवर गेलो तर जीपीएस लॉगरवर पहिल्या ६० फुटांचा टाइम जवळपास पूर्वीचाच, आणि मागे वळून बघतो तर रस्त्यावर टायरचा काळा पट्टा एकच. खरा एलएसडी असता तर दोन दिसले असते. परत फोन. आता म्हणे टायर बदला, सेमी स्लिक (जास्त पकडीचे रेसचे टायर) टाका, पुढे हवा कमी करा मागे जास्त ठेवा. सल्ला हा पण बरोबरच होता आणि टायर त्यानेच दिले, त्यातली भानगड नंतर कळली. टायरच्या साइडवॉलवर डॉट (DOT) या कोडच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, आणि बऱ्याच टायरवर हे पूर्ण आकडे एकाच बाजूला असतात. माझ्या डाव्या टायरवर बाहेरून २३२२ दिसत होतं, उजव्याची तारीख आतल्या बाजूला होती, वाकून मोबाइलच्या टॉर्चने बघितली तर १११५. डाव्यापेक्षा सात वर्षं जुनं रबर, कडक झालेलं, आणि ते ओपन डिफवर, म्हणजे डाव्या नव्या टायरचा पण उपयोग शून्य.

शेवटी कुर्ल्याच्या एका जुन्या मिस्त्रीकडे गेलो, सगळे मामा म्हणतात त्यांना. मामांनी काही खोललं नाही आधी, नुसतं ऑइल काढून एका बाजूचा ड्राइव्हशाफ्ट (डिफपासून चाकाकडे जाणारा दांडा) ओढला, भोकात टॉर्च मारला आणि मला म्हणाले ये बघ. आत आडवी पिन दिसत होती, स्पायडर गिअरची, म्हणजे ओपन डिफमधल्या छोट्या गिअरची. होंडाच्या गिअरबॉक्समध्ये हेलिकल असेल तर त्या भोकातून आरपार दिसतं, मधे पिन नसतेच. मग माझ्यासमोर बॉक्स खोलला, आत कंपनीचा डिफ, रिंग गिअरचे (डिफला जोडलेल्या मोठ्या गिअरचे) बोल्ट कधी हललेलेच नाहीत. बिलात "एलएसडी स्पेशल ऑइल" पण लावलं होतं, आणि हेलिकलमध्ये क्लच प्लेटच नसतात तर त्याला कसलं स्पेशल ऑइल लागतंय! मामांना ते बिल दाखवलं तर त्यांनी कपाळावर हातच मारला.

पैसे मागायला गेलो तर शेठने कानावर हात ठेवले, म्हणे तुम्हीच बाहेर काढून विकला असेल. आणि मग ठाण्याच्या त्या पोराने मला त्याच्या डिफच्या खोक्याचा फोटो पाठवला. तोच फाटका कोपरा, तोच नंबर, तोच ग्रीसचा अंगठा. एकच खोका सगळ्यांना दाखवून परत कपाटात जातोय.

म्हणून सांगतो, गिअरबॉक्स खोलताना स्वतः हजर राहा, राहू देत नसतील तर गाडी तिथून काढा. नवा डिफ उघड्या बॉक्सशेजारी ठेवून नंबरसकट व्हिडिओ घ्या, जुना डिफ त्याच दिवशी घरी आणा, तो विकायचा नसला तरी आणा, आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या ज्याच्यावर सीरियल नंबर लिहिलेला असेल. माझ्याकडे बिल कच्चं आहे पण पैसे यूपीआयने गेलेत आणि मामांनी बॉक्स खोलतानाचा व्हिडिओ आहे, त्यावर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकलीय. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीची फी लागत नाही. एकाच कारणासाठी अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार पण करता येते, ठाण्याचा पोरगा तयार आहे. मुंबई, ठाणे, नवी मुंबईत अजून कोणाला असा हेलिकल बसवून मिळाला असेल तर आधी शाफ्ट ओढून टॉर्च मारून बघा, आणि पिन दिसली तर मला मेसेज करा, तुमच्या खोक्याचा फोटो जोडून.