डेनिस लॉ की केनी डॅलग्लिश : आधी कोणाला पाहाल?

स्कॉटलंडचं जुनं फुटबॉल बघायला सुरुवात करायची, तर दोन फॉरवर्डांपाशी माणूस अडतोच. डेनिस लॉ आणि केनी डॅलग्लिश. देशासाठी दोघांचेही गोल बरोबर ३०. लॉने ते ५५ सामन्यांत केले, डॅलग्लिशला १०२ सामने लागले. एवढ्यावरूनच लॉच्या बाजूने निकाल देऊन टाकणारे पुष्कळ आहेत, पण मला तो हिशेब अपुरा वाटतो.

लॉ ॲबर्डीनचा, जन्म १९४०चा. वडील मासेमारीच्या बोटीवर, घरात सात भावंडं, त्यात हा शेंडेफळ. अंगाने काडी आणि डोळ्यांत तिरळेपणा. अशा पोराला हडर्सफील्ड या इंग्लिश क्लबने घेतलं, डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि सोळाव्या वर्षी तो पहिल्या संघातून खेळला. डॅलग्लिश त्याच्याहून अकरा वर्षांनी लहान, ग्लासगोचा. घर रेंजर्स क्लबच्या मैदानाजवळ, जीव रेंजर्सवर, आणि त्याला घ्यायला दारात आला तो त्यांच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याचा, सेल्टिकचा माणूस! पाहुणा वर येण्याआधी त्याने खोलीतल्या भिंतीवरची रेंजर्सची चित्रं घाईघाईने काढली, हा किस्सा ग्लासगोत आजही सांगतात. पुढे सेल्टिकसाठी त्याने १६७ गोल केले.

खेळ मात्र अगदी निराळा. लॉ म्हणजे गोलसमोरच्या बॉक्समधली वीज. उंची बेताची, तरी उडी अशी की हवेत दोन क्षण थांबल्यासारखा दिसायचा. शर्टाच्या लांब बाह्यांची टोकं मुठीत धरलेली, आणि गोल झाला की एक हात आणि एक बोट वर. १९६३-६४च्या एकाच मोसमात त्याने मँचेस्टर युनायटेडसाठी ४६ गोल केले. युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा १९६४चा बॅलन डी’ऑर त्याला मिळाला. तो मिळवणारा तो आजवरचा एकमेव स्कॉटिश खेळाडू.

डॅलग्लिशचं कसब गोलाकडे पाठ असताना दिसतं. चेंडू पायाशी, मागे बचावपटू अंगावर रेललेला. डॅलग्लिश कंबर आणि ढुंगण मागे रेटून त्याला तिथेच अडवून धरतो, हात किंचित पसरतो, आणि त्याचं वजन कोणत्या बाजूला झुकलंय हे अंगानेच ओळखून उलट बाजूने वळतो. स्पेनविरुद्ध १९८४ साली ग्लासगोच्या हॅम्डेन मैदानावर केलेला त्याचा तिसावा गोल बघा. उजवीकडून आत येतो, घाई करत नाही, आणि डाव्या पायाने वरच्या कोपऱ्यात मारतो. लॉच्या विक्रमाशी बरोबरी झाली ती या गोलाने.

नशिबाच्या बाबतीत लॉ कमनशिबी. १९६१ साली मँचेस्टर सिटीकडून लूटनविरुद्ध एफए कप या इंग्लिश स्पर्धेत त्याने सहा गोल केले, आणि ६९व्या मिनिटाला चिखलामुळे सामनाच रद्द झाला. पुन्हा खेळवला तेव्हा लूटन ३-१ने जिंकलं; सिटीचा तो एक गोलही लॉचाच. १९६८ साली युनायटेडने युरोपातल्या क्लबांचा युरोपियन कप उचलला, तेव्हा हा गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे इस्पितळात होता. डॅलग्लिशने तोच कप लिव्हरपूलकडून तीनदा जिंकला. १९७८च्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल त्याचा.

बूट काढल्यानंतरचं आयुष्य मात्र डॅलग्लिशचं मोठं आहे, आणि त्याच्यावर माझा जीव आहे तो खरं तर इथे. १५ एप्रिल १९८९ला हिल्सबरोच्या मैदानावर चेंगराचेंगरी झाली, तिच्यात लिव्हरपूलचे ९७ पाठीराखे गेले. डॅलग्लिश तेव्हा संघाचा मॅनेजर होता. तो अंत्यविधींना जात राहिला, एका दिवशी तर चार ठिकाणी. त्या घरांतल्या माणसांना त्याने कधी अंतर दिलं नाही. १९९१च्या फेब्रुवारीत मनावरचा ताण असह्य होऊन त्याने पद सोडलं. पुढे ब्लॅकबर्न क्लबला १९९५ची इंग्लिश लीग जिंकून दिली, पण लिव्हरपूलमध्ये लोक त्याच्याविषयी बोलतात तेव्हा करंडकांच्या आधी हिल्सबरो येतं.

मग आधी कोण? तुम्ही स्वतः फॉरवर्डला खेळत असाल, तर बिनदिक्कत डॅलग्लिश. त्याचं वळणं, अंग आडवं घालणं, पास कधी सोडायचा हे बघून शिकता येतं, आणि त्याचे सामने रंगीत, भरपूर मिळतात. लॉची चपळाई उपजत. ती कोणी कोणाला शिकवू शकत नाही. शिवाय त्याचं चित्रीकरण थोडं आणि बरंचसं काळंपांढरं. पण एखाद्याच संध्याकाळी स्ट्रायकर म्हणजे काय ते अनुभवायचं असेल, तर लॉ. १९६७ साली वेम्बलीवर जगज्जेत्या इंग्लंडला स्कॉटलंडने ३-२ने हरवलं, त्या सामन्यापासून सुरुवात करा. पहिला गोल त्याचाच.

तरीही मन ठरत नसेल, तर १४ जून १९७४चा डॉर्टमुंडचा झैरेविरुद्धचा (आजचं डीआर काँगो) वर्ल्ड कप सामना शोधा. चौतिशीतला लॉ आणि तेवीस वर्षांचा डॅलग्लिश एकाच संघात उतरलेत. गोल दोघांचाही नाही. लॉचा तो स्कॉटलंडसाठीचा शेवटचा सामना, आणि वर्ल्ड कपमधला एकुलता एक.