एकच टेकडी वर्षभर, की दर ऋतूला नवी जागा?

झाडं, पक्षी, किडे ओळखायला शिकायचं ठरवलं की पुण्यात राहणाऱ्यासमोर साधारण दोन वाटा येतात. एक सहलींची: मेअखेर काजवे, जुलैत आंबोली, सप्टेंबरात कास, जानेवारीत भिगवण. दुसरी वाट म्हणजे घराजवळची एक टेकडी धरायची आणि दर पंधरवड्याला तिथंच जायचं. दुर्बीण कोणती आणि पुस्तक कोणतं हा विषय इथे घेत नाही, ते बहुतेकांनी आधीच घेऊन ठेवलेलं असतं. शनिवार-रविवार कुठे घालवायचे, एवढाच प्रश्न आहे. मी दोन्ही करून पाहिलं आहे.

सहलींची बाजू आधी, कारण ती कमकुवत नाही.

बदकं शिकायची तर भिगवणला तोड नाही. उजनी धरणाच्या फुगवट्यावर थंडीत थापट्या, तलवार बदक आणि चक्रवाक एकाच नजरेत मावतात, आणि ते बराच वेळ जागचे हलत नाहीत. थापट्याची पुढे रुंद होणारी चोच आणि तलवार बदकाची टोकदार शेपटी शेजारी-शेजारी पाहिली की पुन्हा विसरत नाही. या दोघांच्या माद्या मात्र तपकिरी ठिपक्यांच्या. तिथे पिसांच्या रंगाच्या नादी न लागता चोचीचा आकार आणि पोहतानाची अंगाची ठेवण पाहावी. कुंभारगावच्या नाववाल्या दादांना ‘ऊन पाठीशी ठेवा’ एवढं सांगितलं तरी निम्मं काम होतं. उन्हाकडे तोंड करून पाहिलं तर सगळी बदकं काळी दिसतात. हे सगळं टेकडीवर दहा वर्षं फिरूनही जमणार नाही. तिथे पाणीच नाही.

कासचंही तसंच. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे सपाट खडकाळ पठारावर, मातीचा थर इतका पातळ आणि निकस की मोठं झाड तग धरत नाही. म्हणून तिथे गेंद आणि सीतेची आसवं यांसारख्या बुटक्या फुलझाडांचं राज्य. सीतेची आसवं ही वनस्पती जमिनीतल्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडते, कारण मातीतून मिळणारं नत्र तिला पुरत नाही. माती, पाणी आणि वनस्पती यांचा संबंध इतका उघडा फार थोड्या ठिकाणी दिसतो. आंबोलीत रात्रीच्या बेडकांसाठी कान तयार होतो. फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करा, बॅटरी सतत डोळ्यांवर मारू नका, आणि डास पळवायचं मलम लावलेल्या हाताने बेडूक उचलू नका. त्याच्या कातडीतून ते थेट आत जातं.

सहलींची गैरसोय म्हणून गर्दी आणि खर्च सांगितला जातो. मला ते फारसं पटत नाही, गर्दी पहाटे टाळता येते. तारीख महिनाभर आधी ठरते आणि पाऊस त्या तारखेला बांधील नसतो, ही तक्रार जास्त खरी. तेरड्याचा गुलाबी बहर की सोनकीचा पिवळा, यातलं काय पदरात पडेल हे नशिबावर. शिवाय सोबतचा जाणकार नाव फार लवकर सांगून टाकतो. यावर उपाय सोपा आहे. नाव विचारण्याआधी वहीत चार गोष्टी लिहायच्या: आकार (चिमणीएवढा, मैनेएवढा की कावळ्याएवढा), चोच, शेपटीची हालचाल, आणि तो जमिनीवर होता की फांदीवर. मग विचारायचं.

पण ज्या एका कटकटीने माझ्यापुरता निकाल लागला ती वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. आपल्याकडच्या पानझडी जंगलात फूल आणि पान सहसा एका वेळी भेटत नाही.

पळस, पांगारा, काटेसावर, गणेर, शेमट, सालई ही सगळी झाडं थंडी सरता सरता किंवा उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलतात, आणि त्या वेळी फांद्यांवर पान जवळजवळ नसतं. फाल्गुनातल्या सहलीत गणेराचं मोठं पिवळंधमक फूल दिसतं, नाव कळतं, फोटो निघतो. ऑगस्टमध्ये त्याच जातीचं झाड पानांनी भरलेलं समोर येतं आणि ते गणेर आहे हे कळायला काहीच आधार उरत नाही. गणेराला सोनसावर असंही म्हणतात, त्यामुळे ते काटेसावरीचं भावंड असावं असा समज होतो. पानं पाहिली की तो समज टिकत नाही. काटेसावरीला एका देठावर पाच ते सात वेगळ्या पर्णिका असतात, तर गणेराचं पान एकसंध, नुसतं खाचा पडलेलं. पण हे कळायला दोन्ही झाडं पावसाळ्यात पाहावी लागतात, आणि पावसाळ्यातली सहल तेव्हा दुसऱ्याच जिल्ह्यात, दुसऱ्याच झाडांकडे गेलेली असते.

पळस आणि पांगारा यांचं उलट होतं. फुलात दोघांची गल्लत होणं कठीण, पण पावसाळ्यात दोघांनाही तीन-तीन पर्णिका. तिथे फांदी तपासायची: काटे असतील तर पांगारा. पळसाचं पान जाड, चिवट, पत्रावळीचं. रानकांद्यात तर कमालच. उन्हाळ्यात मोकळ्या जमिनीतून नुसता फुलांचा दांडा वर येतो, पानं पाऊस पडल्यावर. शेवळांचंही तसंच. मृगाच्या सुमारास आधी फुलोरा, पान मागून. बाजारात शेवळं विकणाऱ्या मावशींना दोन्ही रूपं एकाच कंदाची हे पक्कं ठाऊक असतं, कारण त्या वर्षभर त्याच डोंगरावर फिरतात. सहलीचा विद्यार्थी मात्र एका वनस्पतीची दोन नावं शिकतो, किंवा एका नावाचं अर्धंच झाड.

वनस्पती ओळखायच्या किल्ल्या, म्हणजे एकेका प्रश्नाच्या उत्तरातून नावापर्यंत नेणारे तक्ते, त्याही इथेच अडतात. पहिला प्रश्न पानांच्या मांडणीचा (समोरासमोर की एकाआड एक), पुढचा फुलाचा, त्यापुढचा फळाचा. एका दिवसात यातलं एकच हाताशी असतं. फोनवरची ओळखणारी अ‍ॅप फुलाच्या फोटोवर बरी चालतात, नुसत्या पानावर बरेचदा भलतंच सुचवतात.

टेकडीवर ही अडचण राहत नाही, कारण झाड तेच असतं. फाल्गुनात फूल पाहिलं, वैशाखात फळ, आषाढात पान. पण नुसतं फिरून हे होत नाही, थोडी शिस्त लागते.

सुमारे दीड किलोमीटरची वाट ठरवा आणि तिच्यावर पाच जातींची प्रत्येकी दोन, अशी दहा झाडं निवडा. दोन अशासाठी की एखादं झाड जागेमुळे महिनाभर मागे-पुढे फुलतं आणि तेच नियम वाटायला लागतं. वेताळ टेकडी काय, तळजाई काय, पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) या परदेशी झाडाची लागवड भरपूर आहे. नवशिक्यांची दहापैकी सात झाडं तीच निघतात, म्हणून जरा आडबाजूचा, स्थानिक झाडं टिकून असलेला उतार शोधा. झाडाला खिळा किंवा पाटी ठोकू नका. सुती दोरा पावसात कुजतो, आणि गवताला लागणाऱ्या वणव्यात रंगाच्या खुणा जातात. सगळ्यात टिकाऊ खूण म्हणजे वहीतलं वाक्य: ‘दुभंगलेल्या दगडापासून उगवतीला बावीस पावलं’.

दर फेरीला प्रत्येक झाडाचे सहा फोटो: पूर्ण झाड, साल, पानाची वरची बाजू, खालची बाजू, फांदीचं टोक, आणि असेल ते फूल किंवा फळ. शेजारी एक नाणं धरा, मोजमाप आपोआप होतं. पूर्ण झाडाचा फोटो नेहमी त्याच दगडावर उभं राहून. वहीत पान, कळी, फूल, कच्चं फळ, पिकलं फळ असे रकाने, आणि प्रत्येकात ‘नाही’, ‘थोडं’ किंवा ‘भरपूर’. सीझनवॉच या उपक्रमात झाडांच्या साप्ताहिक नोंदी साधारण अशाच घेतात, तिथे झाड नोंदवलं तर आपली वही इतरांच्याही कामी येते. ‘नाही’ हा शब्द लिहायचाच. रकाना रिकामा सोडला की सहा महिन्यांनी फूल नव्हतं की बघायचं राहिलं हे कळत नाही. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. शिसपेन्सिल वापरा. ओल्या कागदावर बॉलपेन उठत नाही आणि जेलची शाई पसरते.

पंधरा दिवसांतून एक फेरी पुरते. फक्त फेब्रुवारी-मार्च आणि जून या काळात दर आठवड्याला जावं, कळीपासून कोवळ्या फळापर्यंतचा पल्ला तेव्हा भरभर सरतो. आणि नेमक्या जून ते सप्टेंबरात वाट निसरडी म्हणून फेऱ्या चुकवल्या तर सगळी मेहनत फुकट, पानं तेव्हाच असतात.

झाडं धरली की बाकीचं त्यांच्याभोवती येतंच. काटेसावर फुलली की ती खानावळच. भोरड्या, सूर्यपक्षी, बुलबुल, खारी, सगळे तिथेच. जांभळ्या सूर्यपक्ष्याचा नर विणीनंतर पिवळट होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टी तेवढी उरते. एकदाच पाहणारा त्याला तिसराच पक्षी समजतो. थंडीत थिरथिर्‍या परत त्याच दगडांवर शेपटी थरथरवताना दिसतो. पहिल्या पावसानंतर मृगाचे मखमली लाल किडे, ऑक्टोबरात मोज्यात घुसणारी कुसळं (गवत ओळखायला शिकायचा महिना हाच, कारण तुरे तेव्हा असतात). इव्हनिंग ब्राउन हे फुलपाखरू पावसाळ्यात पंखाखाली ठळक डोळे मिरवतं आणि कोरड्या दिवसांत हुबेहूब वाळकं पान होतं.

टेकडीचे तोटे आहेत, ते झाकण्यात अर्थ नाही. एप्रिलच्या मध्यात एखादी फेरी अगदी कोरडी जाते. पाणपक्षी, बेडूक, सड्यावरची फुलं जवळपास शून्य. आणि चूक दुरुस्त करायला कुणी नसतं. चुकीचं नाव वर्षभर वहीत ठाण मांडून बसू शकतं. म्हणून महिन्यातून एकदा अडलेले फोटो जाणकाराला दाखवावेत. एकट्याने दगड उलथताना तो आपल्याकडे उचलावा, म्हणजे उघडी फट पलीकडे राहते. खाली फुरसं असू शकतं. दगड पुन्हा होता तसा ठेवायला विसरू नये.

ज्यांना मुख्यतः पक्षी शिकायचे आहेत, किंवा ज्यांच्याजवळ टेकडीच नाही, त्यांना सहलीच बऱ्या पडतील, हे मान्य. बाकीच्यांसाठी माझ्या मते पहिल्या वर्षी टेकडीच्या तीस-बत्तीस फेऱ्या आणि सहली फक्त दोन: भिगवण, आणि कास किंवा आंबोली यांपैकी एक. त्याही निदान सहा महिने वही भरल्यावर. तोवर काय विचारायचं हे कळायला लागलेलं असतं.

सुरुवात पावसाळ्यात करायचा मोह होतो, सगळं हिरवं असतं म्हणून. पण हिरव्या गर्दीत दहा झाडं निवडणं अवघड जातं. माघात जा. पानं गळालेली असतात, पळसाच्या काळपट कळ्या फांदीवर दिसायला लागतात, आणि कुठलं झाड कुठे उभं आहे ते एका फेरीत टिपून होतं.